नर्सिंग सुपरवायझर: रात्रीचं अख्खं रुग्णालय हातात घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरातल्या दीडशे खाटांच्या एका खासगी रुग्णालयात सहा वर्षं आयसीयूत काम केलेल्या स्टाफ नर्सला पुढच्या महिन्यापासून इव्हिनिंग-नाइटची नर्सिंग सुपरवायझर म्हणून नेमलं आहे. पत्रात कामाचं वर्णन एका ओळीत उरकलंय. नेमकं काय करायचं असतं, आणि काही बिघडलं तर आपली जबाबदारी कुठवर, असं तिने विचारलंय.

कामाचा गाभा एकच. आज रात्री सगळ्यांत जास्त धोका कुठल्या खाटेपाशी आहे हे आधी ओळखायचं आणि तिथे योग्य हात उभा करायचा. रजिस्टरं, सह्या, राउंड, युनिफॉर्म हे त्याच्या मागून. नवे सुपरवायझर बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतात. केसांना जाळी आहे का, नखं रंगवली आहेत का, यात पहिला तास जातो. तेवढ्यात चौथ्या मजल्यावर ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) दोन पेशंट एकदम वर येतात आणि तिथे एकटी फ्रेशर मुलगी असते.

तुमची जागा आधी समजून घ्या. खासगीत स्टाफ नर्स, वॉर्ड इन्चार्ज, सुपरवायझर आणि वर नर्सिंग सुपरिंटेंडेंट अशी उतरंड असते. नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा डागासारख्या सरकारी रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी पदं आहेत आणि सुपरवायझरचं काम साधारण सहायक अधिसेविकेकडे येतं. इन्चार्जकडे एक वॉर्ड असतो, पण चोवीस तासांचा, सामानसुमानासकट. सुपरवायझरकडे एकच पाळी असते, पण अख्खी इमारत. रात्री आठनंतर आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि तुम्ही, एवढेच दोघे सगळ्या मजल्यांचं मिळून चित्र पाहू शकता.

आठच्या ड्युटीला साडेसातला पोचा. आधीच्या सुपरवायझरकडून ओव्हर (पाळीचा ताबा) घेताना आधी आकडे घ्या, मग हकिगती. एकूण सेन्सस (भरती पेशंटची संख्या), रिकाम्या खाटा, व्हेंटिलेटरवर किती, बीपी टिकवणारी औषधं पंपावर चालू असलेले किती, आज ऑपरेशन झालेले, रक्त चालू असलेले, आयसोलेशनमधले, एमएलसी (पोलिसांत नोंद होणाऱ्या केसेस), पडण्याचा धोका असलेले, बेभान होऊन नळ्या ओढणारे. मग स्टाफ: कोण आलं, कोण नाही, कोण डबल ड्युटी करतंय. मग बंद पडलेली यंत्रं. आणि शेवटी येऊ घातलेले रेफर, म्हणजे बाहेरगावाहून पाठवलेले पेशंट. नागपूरला हा शेवटचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून संध्याकाळी निघालेली गाडी रात्री उशिरा दारात येते. फोनवर "पेशंट निघाला" एवढंच कळलं तर पुढचं तुम्ही विचारा: शुद्धीवर आहे का, नळी टाकली आहे का, ऑक्सिजन किती लिटरवर, रक्तगट माहीत आहे का, सोबत कोण. या पाच उत्तरांवर खाट कुठली आणि नर्स कोण हे तासभर आधीच ठरवता येतं.

आता वाटप. वॉर्डात एका नर्समागे सहा पेशंट, आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक आणि बाकीच्यांना एकास दोन, हा सर्वसाधारण धरला जाणारा हिशेब. म्हणून तीस खाटांच्या वॉर्डाला पाच नर्स. पण प्रत्येकीला सहा-सहा खाटा ओळीने देणं म्हणजे वाटप नव्हे. साधी गुणपद्धत वापरा: स्वतः हिंडणारा-फिरणारा पेशंट १, उठायला-खायला मदत लागणारा २, दर तासाला पाहावा लागणारा ३, सतत नजरेत ठेवावा लागणारा ४. समजा १२ पेशंट एकवाले, १० दोनवाले, ६ तीनवाले, २ चारवाले. बेरीज ५८, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ११ ते १२. मग एकीकडे दोन चारवाले आणि एक तीनवाला असे तीनच पेशंट येतील, आणि दुसरीकडे सात हलके व दोन मध्यम असे नऊ. नऊवाली कुरकुर करेल. तिला बेरीज दाखवा. सहा महिन्यांच्या आतल्या फ्रेशरला चारवाला पेशंट एकटीने द्यायचा नाही, मग वॉर्डात कितीही ओढाताण असो. ओटीतून नुकत्याच आलेल्या पेशंटचे पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास, तापमान) घ्यावे लागतात, म्हणून दोन पेशंट पाठोपाठ एकाच नर्सकडे जाऊ देऊ नका. ओटीला फोन करून दुसरा वीस मिनिटं थांबवणं हा तुमचा अधिकार आहे, तो वापरा.

आयसीयूत माणूस कमी पडलं की वॉर्डातली नर्स उचलून पाठवली जाते. पाठवा, पण तिला व्हेंटिलेटर देऊ नका. आयसीयूतले त्यातल्या त्यात स्थिर दोन पेशंट तिला आणि नाजूक पेशंट तिथल्या अनुभवी नर्सला. तिला अलार्म कुठला आणि मदत कोणाला मागायची हे सांगितल्याशिवाय मजला सोडू नका.

महिन्याचं रोस्टर सुपरिंटेंडेंट किंवा इन्चार्ज लावतात, तरी त्याचं गणित सुपरवायझरला यायलाच हवं, कारण तूट रात्री तुमच्याच अंगावर येते. तीस खाटांच्या वॉर्डाला चोवीस तास पाच नर्स म्हणजे दिवसाला १२० तास, आठवड्याला ८४० तास. एकीचे आठवड्याचे ४८ तास धरले तर साडेसतरा माणसं. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ ऑफ वजा केले की ३१३ उरतात. रजा, आजारपण आणि सुट्ट्यांचे तीस दिवस गेले की प्रत्यक्ष हजेरी २८३ दिवसांची. त्या प्रमाणात वाढवलं की आकडा वीसवर जातो. मॅनेजमेंट "पाच त्रिक पंधरा" असं सांगत असेल तर ही बेरीज कागदावर मांडून द्या. पंधरात चालवलेला वॉर्ड डबल ड्युट्यांवर चालतो, आणि बारा तासांची नाइट करून त्याच दिवशी इव्हिनिंगला उभी राहिलेली नर्स औषधात चुकते. सलग तीनपेक्षा जास्त नाइट लावू नयेत. पहाटे तीन ते पाच हा सगळ्यांत निसरडा काळ. तुमचा दुसरा राउंड त्याच वेळात बसवा.

रजेचं कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीला काढून ठेवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते. त्या दिवसांत स्टाफमधल्या अनेकांना सुट्टी हवी असते आणि नेमकी तेव्हाच शहरातल्या कॅज्युअल्टींवर ताण असतो. केरळच्या मुलींना ओणम किंवा ख्रिसमस, कोणाला ईद, कोणाला गावचा पोळा. एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्स भरतीची परीक्षा असली की चांगल्या मुली एकाच दिवशी रजा मागतात, आणि निकाल लागला की राजीनामे देतात. यावर रागावून उपयोग नाही. परीक्षेची तारीख कळताच दोन रिलीव्हर बांधून ठेवायचे.

राउंड. नऊच्या आत आयसीयू, मग आजची ऑपरेशनं, मग रक्त चालू असलेले, मग उरलेले वॉर्ड. लिफ्ट ज्या मजल्यावर थांबेल तिथून सुरुवात करू नका. प्रत्येक ठिकाणी आधी पेशंट पाहा, मग चार्ट. कागद आधी वाचला की डोळे कागदावर विश्वास ठेवतात. चार्टवर सगळ्यांत खोटी नोंद श्वासाची असते. अख्ख्या वॉर्डात सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला दिसला, म्हणजे कोणीही तो मोजलेला नाही. आणि बिघडणाऱ्या पेशंटमध्ये बीपी पडण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. दोन पेशंट निवडा, स्वतः पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, नर्सच्या आकड्याशी ताडून पाहा. हे रोज केलंत तर महिन्याभरात चार्ट सुधारतात. मीटिंगमध्ये ओरडून सुधारत नाहीत. दुसरी खूण: सहाचे व्हायटल्स पाचलाच भरून ठेवलेले. तिसरी: लघवीचा हिशेब सगळीकडे शंभरच्या पटीत.

न्यूज स्कोअर (व्हायटल्सवरून पेशंट किती बिघडतोय ते सांगणारे गुण) वापरत असाल तर ५ ला डॉक्टरांना तातडीने बोलवायचं आणि ७ ला धावायचं, हे नर्सला तोंडपाठ हवं. तुम्ही तपासायचं ते वेगळं: स्कोअर ५ झाल्यावर फोन किती वाजता गेला, कोणाला गेला, डॉक्टर किती वाजता आले. स्कोअर लिहून ठेवला आणि फोनच केला नाही, हा प्रकार स्कोअर न काढण्यापेक्षा वाईट. कागदावर धोका नोंदलेला आहे, म्हणजे तो माहीत होता असाच अर्थ निघतो.

बेडसोअरसाठी (पडून राहून होणाऱ्या जखमांसाठी) ब्रेडन हा धोक्याचा स्कोअर १८ किंवा खाली आला की दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता लावायचा. तक्त्यावरची सही पाहण्यापेक्षा चादर उचलून माकडहाड पाहा. सलाइनच्या जागी लाली आणि दुखणं दोन्ही असेल तर कॅन्युला (शिरेतली नळी) काढायचीच. "अजून चालतेय" हे उत्तर घ्यायचं नाही.

औषधांच्या चुका ठरलेल्या जागी होतात. इन्सुलिन घ्या. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलीच्या बाटल्याही आहेत आणि १०० च्याही. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. १०० ची बाटली आणि लाल टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली की दहाच्या खुणेपर्यंत ओढलेलं इन्सुलिन प्रत्यक्षात पंचवीस युनिट भरतं. पहाटे दोनला पेशंट घामाघूम, साखर ४०. उपाय साधा आहे: एका वॉर्डात एकाच ताकदीचं इन्सुलिन, आणि नातेवाइकांनी बाहेरून आणलेली बाटली वेगळ्या डब्यात, नावासकट. पोटॅशियम क्लोराइडची १५ टक्क्यांची दहा मिलीची एम्प्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट. ती थेट शिरेत गेली तर हृदय थांबतं. वॉर्डच्या ट्रॉलीवर ती सुटी पडलेली दिसली तर त्याच क्षणी उचलून कुलपात टाका; साध्या वॉर्डात हातावरच्या शिरेतून तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या वर वेग नको. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनच्या बाटल्याही पाहा. एक हजार आणि पाच हजार युनिट प्रति मिली अशा दोन्ही मिळतात आणि घाईत सारख्याच दिसतात. रात्रीची फोनवरची ऑर्डर नर्सने लिहून घ्यायची, डॉक्टरांना परत वाचून दाखवायची, वेळ टाकायची; डॉक्टरांची सही चोवीस तासांत. सही राहिलेल्या ऑर्डरींची यादी सकाळी देणं तुमचं काम.

फेंटानिल, मॉर्फिन ही नशा आणणारी वेदनाशामकं (नार्कोटिक्स) दुहेरी कुलपात, पाळीगणिक दोघींनी मोजून. दोन मिलीच्या एम्प्युलमध्ये १०० मायक्रोग्रॅम फेंटानिल असतं. ५० दिलं तर उरलेलं ५० कोणासमोर टाकलं, त्याची दुसरी सही लागते. ही दुसरी सही नंतर घेतली जाते, हे उघड गुपित आहे. किल्ली खिशात घेऊन घरी गेलेली नर्स शोधण्यात पहाट घालवायची नसेल, तर ओव्हरच्या वहीत किल्लीसाठी वेगळा रकाना ठेवा.

रक्ताबाबत चार आकडे. पेढीतून पिशवी निघाल्यावर तीस मिनिटांत चालू करायची, नाहीतर परत. चार तासांत संपवायची. पहिली पंधरा मिनिटं नर्सने खाटेपाशीच थांबायचं. आणि पिशवीवरचा नंबर-गट दोघींनी पेशंटच्या हातावरच्या पट्टीशी ताडायचा, फाइलशी नाही. विदर्भात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट पुष्कळ, त्यांना वारंवार रक्त लागतं, त्यामुळे "याला तर नेहमीच देतो" म्हणून पंधरा मिनिटांचा नियम नेमका त्यांच्याच बाबतीत ढिला पडतो. वारंवार रक्त घेणाऱ्यांच्या अंगात अँटिबॉडीज तयार झालेल्या असू शकतात, म्हणून त्यांना रिअॅक्शनचा धोका उलट जास्त.

क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या सामानाची ट्रॉली) दर पाळीला सीलचा नंबर पाहून तपासतात; सील शाबूत असेल तर आत हात घालायचा नाही. सीलबाहेरच्या गोष्टी मात्र रोज: डिफिब्रिलेटरची टेस्ट, सक्शनचा जोर, लॅरिंगोस्कोपचा दिवा, अंबू बॅग. सिलिंडरचं गणित नर्सना शिकवा. लहान बी-टाइप सिलिंडर भरलेला असताना सुमारे दीड हजार लिटर, काटा १५० च्या आसपास. काटा ५० वर असेल तर ५०० लिटर उरले. दहा लिटरवर पेशंट असेल तर जेमतेम पन्नास मिनिटं. सीटीला नेऊन आणायला चाळीस मिनिटं लागत असतील आणि लिफ्ट अडकली तर? लागेल त्याच्या दुप्पट ऑक्सिजन नसेल तर सिलिंडर बदलूनच पेशंट हलवायचा.

कोड ब्लूमध्ये, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडल्याची हाक आल्यावर, छाती दाबायला तुम्ही वाकू नका, जोवर दुसरं कोणी आहे तोवर. तुमचं काम बाजूला उभं राहून माणसं लावणं. एक छाती दाबणारी, मिनिटाला १०० ते १२०, दर दोन मिनिटांनी बदली. एक श्वास देणारी, एक औषधं देणारी, एक घड्याळ लावून लिहिणारी. अॅड्रिनालिन किती वाजता गेलं याची नोंद नंतर आठवणीवर लिहिली की वेळा जुळत नाहीत, आणि वकील तिथेच बोट ठेवतो. नातेवाइकांशी एकानेच बोलायचं. आणि जिच्यावर कोणाचंच लक्ष नसतं ती गोष्ट: त्या वॉर्डातले उरलेले एकोणतीस पेशंट. खालच्या मजल्यावरून एक नर्स त्यांच्यासाठी वर बोलवा.

नागपूरचा उन्हाळा हा सुपरवायझरच्या कामाचा वेगळा धडा आहे. पारा ४५ च्या पुढे जातो आणि तयारी मार्चमध्येच व्हायला लागते. शरीराचं तापमान ४० किंवा वर आणि पेशंट बरळतोय किंवा बेशुद्ध, म्हणजे उष्माघात धरून चालायचं. काखेतलं तापमान कमी दाखवतं. गुदद्वारातून घ्यायचं, आणि त्यासाठी ४२ च्या वर मोजणारा थर्मामीटर हवा, कारण काचेचा साधा तिथेच संपतो. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. ओलं अंग, पंखा, काखा-मान-जांघेत बर्फ, आणि अर्ध्या तासाच्या आत ३९ पर्यंत आणायचा प्रयत्न. तुमच्या बाजूचं काम म्हणजे रात्री अकराला बर्फ कुठून येणार, फ्रिजमध्ये थंड सलाइनच्या किती बाटल्या आहेत, हे एप्रिल लागायच्या आधी ठरवून ठेवणं.

आणि कूलर. वॉर्डात डेझर्ट कूलर असतील तर आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, वाळवायची. घासायची यासाठी, की डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. नुसतं पाणी बदलून भागत नाही. कूलरच्या झोतात निर्जंतुक पॅक ठेवू नका, ओल धरली की ते निर्जंतुक राहत नाहीत. सिकल सेलचा पेशंट कूलरसमोरच्या खाटेवर टाकू नका. गारव्याने त्याच्या वेदना उसळतात. पाणी कमी पडलं तरी तेच, म्हणून त्याला गार झोत नको पण पाण्याचा हिशेब चोख हवा. खाट देताना ही गोष्ट ध्यानात ठेवणारी सुपरवायझर रात्रीचे दोन-तीन फोन वाचवते. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात औषधं नकोत. फ्रिजचं तापमान दोनदा नोंदायचं, २ ते ८ अंश. बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच.

सुई टोचली तर नर्स ते लपवते, कारण ओरडा बसेल अशी भीती असते. वॉर्डावर्डांत सांगून ठेवा: साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, बहात्तर तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. रात्री पहिला डोस कुठल्या कपाटात आहे हे तुम्हाला माहीत हवं. हेपटायटिस बीच्या तीन लसी झाल्या आहेत का, हे जॉइनिंगच्याच वेळी पाहायचं. कचऱ्याचे पिवळा, लाल, पांढरा, निळा हे रंग सगळ्यांना पाठ असतात. घोळ होतो तो सुया लाल पिशवीत जाण्याचा, आणि त्या टोचतात त्या मावशींना.

नातेवाईक. रात्री अकराला "आमच्या बाबाले कोनी पाहूनच नाही राह्यलं" असं म्हणत काउंटरशी आलेला माणूस बहुतेक वेळा उपचारांवर चिडलेला नसतो. चार तासांत त्याच्याशी कोणी एक वाक्य बोललेलं नसतं. त्याला बसवा, पेशंटपाशी घेऊन जा, डॉक्टर कधी येणार ती वेळ सांगा आणि ती पाळा. पाळता येत नसेल तर वेळ सांगू नका. बालाघाट-छिंदवाड्याकडच्यांशी हिंदीत बोलणारं, गडचिरोलीच्या आतल्या भागातून आलेल्यांसाठी गोंडी समजणारं कोण ड्युटीवर आहे, हे माहीत असू द्या. रुग्णालयात एखादा वॉर्डबॉय किंवा मावशी निघतेच. हाणामारीपर्यंत गेलं तर २०१० चा महाराष्ट्राचा कायदा नर्सनाही लागू आहे: हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. तक्रार संस्थेने द्यायची, मार खाल्लेल्या मुलीला एकटीला चौकीत पाठवायचं नाही.

कायद्याच्या काही जागा अशा आहेत, की तिथे रात्री निर्णय तुमच्यापुढेच येतो. प्रसूतीसाठी आलेली मुलगी अठराच्या आतली वाटते, सासरचे एकोणीस सांगतात. आधार किंवा शाळेचा दाखला मागा. वय कमी निघालं तर पॉक्सोच्या (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लग्न झालेलं असलं तरी; उपचार मात्र एक क्षणही थांबवायचे नाहीत. एमएलसीत कपडे, पोटातून काढलेला द्रव, गोळी हे सील करून नोंदवून पोलिसांनाच द्यायचं, आणि मृतदेहही परस्पर नातेवाइकांकडे नाही. बिलापायी पेशंट किंवा मृतदेह अडवणं रुग्ण हक्क सनदेत बसत नाही. बिलिंगवाल्याने रात्री तुम्हाला पुढे केलं तर अॅडमिनिस्ट्रेटरला उठवा. ऑपरेशनची संमती समजावून घेणं डॉक्टरांचं काम, नर्स फक्त साक्षीदार; कोऱ्या फॉर्मवर अंगठे घेऊन ठेवणारी नर्स दिसली तर तिथेच थांबवा.

आगीबद्दल. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. भंडारा इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर. तेव्हापासून विदर्भातल्या प्रत्येक सुपरवायझरने एनआयसीयू (नवजात बालकांचा आयसीयू) आणि आयसीयूबद्दल चार गोष्टी तोंडपाठ ठेवायला हव्यात: दुसरा दरवाजा कुठला आणि त्याची किल्ली कोणाकडे, त्या कक्षातल्या ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे, तो बंद करायचा निर्णय कोण घेणार, आणि चालता न येणाऱ्या प्रत्येकाला कोण उचलणार. नवजात कक्ष एका क्षणासाठीही नर्सविना राहू नये. चहाला जाण्याआधी बदली उभी असलीच पाहिजे. दुसऱ्या दरवाजासमोर रचलेले सलाइनचे खोके तर जवळजवळ प्रत्येक रुग्णालयात सापडतात.

काही घडलंच, तर घटनेचा अहवाल त्याच पाळीत लिहून घ्या: काय झालं, किती वाजता, पेशंटची अवस्था, काय केलं, कोणाला कळवलं. "निष्काळजीपणामुळे" असे शब्द नकोत. हा अहवाल पेशंटच्या फाइलमध्ये लावायचा नाही. फाइलमध्ये फक्त वैद्यकीय नोंद जाते. चुकलेली नोंद एका रेघेने खोडायची, वर सही-वेळ. व्हाइटनर लावलेलं किंवा नव्याने लिहिलेलं पान म्हणजे संस्थेने हातानेच केस हरणं. थोडक्यात हुकलेल्या चुकांचेही अहवाल मागा, आणि पहिला अहवाल देणाऱ्या मुलीला मेमो देऊ नका, नाहीतर दुसरा कधीच येणार नाही.

आता जबाबदारीची हद्द. नर्स स्वतःच्या कृतीला जबाबदार असते. सुपरवायझर तीन गोष्टींना: काम योग्य माणसाला दिलं होतं का, धोका कळल्यावर हालचाल केली का, आणि वर कळवलं का. तीन आठवड्यांच्या फ्रेशरने पोटॅशियम पातळ न करता दिलं, तर तिने दिलं हे खरं. पण तिला तो पेशंट कोणी दिला, ती एम्प्युल ट्रॉलीवर कशी होती, हे प्रश्न तुम्हाला येतील. म्हणून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि पाच वर्षांचं नूतनीकरण प्रत्येकीचं चालू आहे का, कोण जीएनएम (डिप्लोमा), कोण बीएस्सी (पदवी), कोण एएनएम (सहायक परिचारिका), याची यादी रात्रीही हाताशी असू द्या. शहरात युनिफॉर्म घालून काम करणाऱ्या पण नोंदणी नसलेल्या मुली लहान रुग्णालयांतून सर्रास दिसतात. त्यांच्याकडे रक्त, शिरेतली औषधं, नार्कोटिक्स जाता कामा नये, संख्या कितीही कमी असो. कन्सल्टंट फोन उचलत नसतील तर वेळ नोंदवून पुढच्या नावाला फोन करा. दोनदा प्रयत्न, दहा मिनिटं, मग पुढचं नाव. संकोच करून थांबणं हीच सुपरवायझरची सगळ्यांत महागडी चूक ठरते.

रुजू होण्याआधी काही गोष्टी लेखी घ्या. वॉर्डातल्या नर्सच्या संख्येत तुम्हाला मोजणार नाहीत. रात्री जादा स्टाफ बोलावण्याचा आणि आयसीयूत माणूस नसेल तर नवा पेशंट घेणं थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे, किंवा तो कोणाला आहे त्याचं नाव. फोनची उतरंड, नावानिशी. एकटीने नाइट घेण्याआधी निदान दोन आठवडे जुन्या सुपरवायझरसोबत. आणि रुग्णालयाच्या व्यावसायिक दायित्व विम्यात नर्सिंग सुपरवायझर हे पद धरलंय का. नसेल तर स्वतःचा विमा काढा, आणि पॉलिसी पहिल्या नाइटच्या आधी हातात आलेली असू द्या.